क्रँकसेट बदलताना: आधी दात, मग लांबी, लंबगोल चेनरिंग सगळ्यात शेवटी

क्रँकसेटच्या (पायडलच्या दोन दांड्या, म्हणजे क्रँक, आणि पुढच्या दातेरी चकत्या, म्हणजे चेनरिंग) जाहिरातीत 'इतके टक्के जास्त ताकद' असं छापलेलं दिसलं, की एक गोष्ट पक्की धरून पुढे वाचावं: क्रँक ताकद तयार करत नाही, ती पायांतून येते. शरीर जी ऊर्जा जाळतं, तिच्यापैकी साधारण २० ते २५ टक्केच पायडलपर्यंत पोहोचते. बाकीची उष्णता होऊन जाते. पायडलपासून मागच्या चाकापर्यंत मात्र, चेन स्वच्छ आणि तेल दिलेली असेल तर, जेमतेम २ ते ५ टक्के वाया जातात. म्हणजे यंत्राच्या बाजूला वाचवण्यासारखं थोडं आहे आणि शरीराच्या बाजूला बरंच. पायांना त्यांच्या सोयीच्या वेगाने आणि सोयीच्या कोनात फिरू देतो तो क्रँकसेट चांगला.

म्हणून पैसे खर्च करायचा क्रम असा ठेवा: आधी चेनरिंगच्या दातांची संख्या, मग क्रँकची लांबी, मग बीबी (बॉटम ब्रॅकेट: दोन्ही क्रँकना जोडणारा आस, म्हणजे स्पिंडल, ज्यात फिरतो ती बेअरिंग) आणि चेनलाइन (चेनरिंगचं फ्रेमच्या मध्यरेषेपासूनचं अंतर), आणि हे सगळं जमल्यावरच लंबगोल चेनरिंग. दुकानात बहुतेक वेळा हा क्रम उलटा सुचवला जातो, कारण लंबगोल चेनरिंग डोळ्यांना दिसते. ५ मिमी आखूड केलेली क्रँक कोणाला दिसत नाही.

सायकलवर सध्या काय आहे?

काळ्या दांडीच्या सायकलींना कॉटर पिनची क्रँक असते. क्रँकच्या डोक्यातून आरपार गेलेली पाचरीसारखी पिन आणि तिच्या टोकाला नट दिसला की ओळखावं. लहान मुलांच्या अनेक सायकलींना एकाच लोखंडी सळईची वन-पीस क्रँक असते. या दोन्हींत सुधारणेला फारसा वाव नाही. कॉटर पिन घट्ट आणि छर्रे ग्रीसमध्ये असले की पुरे.

साध्या गिअरच्या सायकलींवर बहुधा स्क्वेअर टेपर असतो. क्रँकच्या मधला बोल्ट काढला की आत चौकोनी, निमुळत्या स्पिंडलचं टोक दिसतं. त्याच्यावरच्या श्रेणीत शिमानोची हॉलोटेक टू किंवा तशी रचना येते: २४ मिमी जाडीचा पोकळ स्पिंडल उजव्या क्रँकला कायमचा जोडलेला, बेअरिंगचे कप फ्रेमच्या बाहेर, आणि डाव्या क्रँकला शेजारी शेजारी दोन ॲलन बोल्ट. स्रॅमच्या डब रचनेत स्पिंडल २८.९९ मिमीचा असतो. या तिन्हींच्या बीबी वेगवेगळ्या आहेत, एकाची दुसऱ्याला चालत नाही. म्हणून सुटे भाग मागवण्याआधी सायकल उलटी करून बीबी शेलची (बीबी बसते त्या फ्रेमच्या आडव्या नळीची) रुंदी मोजा. आट्यांच्या शेलमध्ये ६८ आणि ७३ मिमी ही दोन मापं सर्रास आढळतात. शेलला आटेच नसतील तर तो प्रेस-फिट. तिथे पाना फिरवायच्या आधी नेमकं माप माहीत असलेल्या मेकॅनिककडे जावं.

आणखी एक बघा: चेनरिंग बोल्टने बसवल्या आहेत की रिव्हेटने? स्वस्त तीनपदरी क्रँकसेटमध्ये त्या रिव्हेटने ठोकलेल्या असतात आणि सुट्या बदलता येत नाहीत. तिथे दात बदलायचे तर पूर्ण क्रँकसेट बदलावा लागतो. बोल्टच्या असतील तर बोल्टच्या वर्तुळाचा व्यास लागतो. रोड बाइकवर १३० किंवा ११० मिमी, माउंटन बाइकवर १०४ आणि सगळ्यात आतल्या रिंगसाठी ६४ मिमी, ही नेहमीची मापं. लहानात लहान चेनरिंग किती दातांची बसेल ते या मापावर ठरतं: १३० वर ३८, पाच बोल्टच्या ११० वर ३४ (काही कंपन्या ३३ देतात), ६४ वर २२.

दात: खरा फरक इथे पडतो

गणित सोपं आहे. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते काढायचं: चाकाचा परीघ गुणिले पुढचे दात भागिले मागचे दात. ७०० बाय २८ टायरचा परीघ सुमारे २.१३६ मीटर धरतात. पुढे ३४ आणि मागे २८ दात असतील तर एका फेऱ्याला २.५९ मीटर. मागे ३४ असतील तर २.१४ मीटर. पुढे ३० आणि मागे ३४ असतील तर १.८८ मीटर.

आता हे चढावर घालून बघा. सिंहगडाच्या रस्त्यावर ८ टक्क्यांचे टप्पे सहज लागतात. चालक, सायकल, पाण्याच्या बाटल्या मिळून ८५ किलो वजन ८ टक्के चढावर ताशी ८ किमीने न्यायचं तर साधारण १६० वॉट लागतात. क्रँक कोणतीही असो, हे १६० वॉट द्यावेच लागणार. फरक पडतो तो ते कसे दिले जातात यात. ३४-२८ वर मिनिटाला ५१ फेरे होतात आणि १७० मिमी क्रँकवर, पूर्ण फेऱ्याची सरासरी काढली तर, सुमारे १८ किलोचा जोर पडतो. ३०-३४ वर तेच काम ७१ फेऱ्यांत होतं आणि सरासरी जोर १३ किलोवर येतो. क्रँक आडवी असतानाचा प्रत्यक्ष दाब सरासरीच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असतो, म्हणजे गुडघ्याला जाणवणारा फरक ५ किलोचा नसून १० किलोच्या पुढचा आहे. दर फेऱ्याला, प्रत्येक पायाला. कुठल्याही लंबगोल रिंगने किंवा हलक्या कार्बन क्रँकने एवढा फरक पडत नाही.

तेव्हा पहिली पायरी: तुमच्या नेहमीच्या सगळ्यात खड्या चढावर, सगळ्यात हलक्या गिअरमध्ये, बसून चालवताना मिनिटाला किती फेरे होतात ते मोजा. उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर आला ते मोजून चारने गुणा. ६० च्या खाली येत असेल तर गिअर जड आहे. ६५ ते ७५ मिळायला हवेत. सपाटीवर ८० ते ९५ हा बहुतेकांना मानवणारा पट्टा आहे.

दुसरी पायरी: मागची कॅसेट (मागच्या चाकावरच्या चकत्यांचा संच) वाढवून काम भागतं का ते आधी बघा, ते स्वस्त पडतं. मागच्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) किती मोठी चकती झेपते आणि त्याची एकूण क्षमता किती, या दोन्ही मर्यादा पाळाव्या लागतात. क्षमता अशी काढा: पुढच्या दोन चेनरिंगमधला फरक अधिक मागच्या सगळ्यात मोठ्या-लहान चकत्यांमधला फरक. पुढे ५०/३४ आणि मागे ११-३४ असेल तर १६ अधिक २३, म्हणजे ३९.

कॅसेटने भागत नसेल तर क्रँकसेट बदला. ५३/३९ वरून ५०/३४ वर येणं ही जुनी वाट. भरलेल्या पॅनियर (कॅरिअरच्या बाजूच्या पिशव्या) लावून घाट चढणाऱ्यांनी, जास्त वजनाच्या किंवा पन्नाशीपुढच्या चालकांनी सरळ ४६/३० घ्यावा. 'वरचा गिअर कमी पडेल' ही भीती बहुतेकांच्या बाबतीत खोटी आहे. ४६-११ वर मिनिटाला ९० फेरे मारले की ताशी ४८ किमी वेग होतो, आणि त्याहून वेगात उतारावर पायडल मारत राहण्याची गरज किती जणांना पडते?

५० दातांवरून ४६ वर येताना फ्रंट डिरेलर सुमारे ८ मिमी खाली आणावा लागतो. तो सीट ट्यूबला वेल्ड केलेल्या हँगरवर असेल तर खाचेत तेवढी जागा शिल्लक आहे का, हे खरेदीआधी बघून घ्या. पट्ट्याने आवळलेला असेल तर अडचण नाही, मात्र बाटलीच्या स्टँडचा बोल्ट आड येत नाही ना ते बघा. चेनही दोन दुव्यांनी, म्हणजे एक आतला आणि एक बाहेरचा काढून, आखूड करावी लागते.

क्रँकची लांबी

लांबी म्हणजे बीबीच्या मध्यापासून पायडलच्या स्पिंडलच्या मध्यापर्यंतचं अंतर. ती क्रँकच्या आतल्या बाजूला, पायडलच्या भोकाजवळ कोरलेली असते. आपल्याकडच्या बहुतेक गिअरच्या सायकलींवर फ्रेम लहान असो की मोठी, १७० मिमीच येते. पाच फुटांच्या चालकालाही तीच आणि सहा फुटांच्यालाही तीच. उंचीने कमी असलेल्यांना, त्यातही अनेक महिलांना, याचा सगळ्यात जास्त त्रास होतो, आणि तो बहुधा सीटच्या किंवा हँडलच्या माथी मारला जातो.

लांब क्रँक म्हणजे जास्त तरफ, म्हणून जास्त ताकद, हा समज अजून घट्ट आहे. जिम मार्टिन आणि वनीन स्पिर्डुसो यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२० ते २२० मिमीपर्यंतच्या पाच लांबींच्या क्रँकवर सायकलस्वारांची कमाल ताकद मोजली. सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट लांबीत फरक निघाला सुमारे ४ टक्के, तोही १०० मिमीच्या पसाऱ्यात. १४५ आणि १७० मिमी या दोन लांबी सरस ठरल्या आणि त्या एकमेकींच्या बरोबरीच्या होत्या. व्यावसायिक शर्यतींतही आता कल आखूडकडे आहे; टूर द फ्रान्स विजेता तादेय पोगाचार २०२४ मध्ये १६५ मिमीवर आला.

तरफ कमी होते ती गिअरने भरून निघते. १७५ वरून १६५ वर आलात तर तेवढ्याच वेगाला पायडलवर ६ टक्के जास्त जोर लागेल. ३४ ऐवजी ३२ दातांची रिंग लावली की तो पुन्हा पहिल्यासारखा. बदल्यात मिळतं ते वरच्या टोकाला. क्रँक ५ मिमी आखूड केली आणि सीट ५ मिमी वर घेतली, की पायडल सगळ्यात वर असताना सीटपासूनचं अंतर १० मिमीने वाढतं. गुडघा तेवढा कमी दुमडतो, कंबरेचा सांधा उघडा राहतो, वाकून चालवताना मांडी पोटावर येत नाही.

माप असं घ्या. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, पायांत १५ सेंमी अंतर ठेवा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांमध्ये धरून, सीटवर बसल्यासारखं वाटेल इतकं वर दाबा. पुस्तकाच्या वरच्या कडेची जमिनीपासूनची उंची मोजा. ती ७४ सेंमीच्या आत असेल तर १६० किंवा १६५, ७४ ते ८० असेल तर १६५, ८० ते ८६ ला १७०, त्यापुढे १७२.५ किंवा १७५. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर आखूड घ्या. काही तक्रार नसेल आणि १७० वर मजेत असाल तर केवळ २.५ मिमीसाठी खर्च करू नका.

क्रँक लांब पडते आहे याची लक्षणं: ९० फेऱ्यांच्या पुढे सीटवर उसळल्यासारखं होणं, मागून काढलेल्या व्हिडिओत कंबर डावी-उजवी डुलणं, गुडघे वर येताना बाहेर फाकणं. पण ही सीटचीही लक्षणं असू शकतात. म्हणून आधी सीटची उंची नीट लावा: क्रँक सीट ट्यूबच्या रेषेत सगळ्यात खाली असताना टाच पायडलवर ठेवली की पाय जेमतेम सरळ व्हावा. यानंतरही लक्षणं राहिली तरच क्रँककडे वळा.

आखूड क्रँक बसवल्यावर सीट तेवढीच वर घ्यायला विसरलात तर फायद्याऐवजी गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखणं मिळेल. सीट वर गेल्याने हँडल तुलनेने खाली जातं. स्टेमखाली (हँडल धरणारा भाग) ५ मिमीची चकती घालून ते भरून काढता येतं.

स्क्वेअर टेपर उतरवणे आणि बसवणे

लागतं ते एवढं: १४ मिमीचा सॉकेट किंवा ८ मिमीची ॲलन की, क्रँक पुलर, २० खाचांचा बीबी टूल, ग्रीस, टॉर्क रेंच. टॉर्क रेंच नसेल तर सामान तोलायचा हुकवाला काटा वापरा: बोल्टपासून २५ सेंमी अंतरावर पान्याला हुक अडकवून काटकोनात ओढा, काटा १६ किलो दाखवेल तेव्हा बोल्टवर सुमारे ४० न्यूटन-मीटर टॉर्क असतो.

क्रँकचे दोन्ही बोल्ट सरळ आट्यांचे असतात. बोल्ट काढल्यावर भोकात टॉर्च मारून बघा. आत वॉशर चिकटून राहिलेला असतो आणि तो तसाच ठेवून पुलर लावला तर स्पिंडलऐवजी वॉशरवर जोर येतो. मग क्रँक हलत नाही आणि पुलर ॲल्युमिनियमचे आटे सोलून बाहेर येतो. घरी खराब होणाऱ्या क्रँकपैकी कितीतरी या एका वॉशरमुळे जातात.

पुलरचा आतला स्क्रू पूर्ण मागे घ्या. क्रँकच्या आट्यांतली माती जुन्या टूथब्रशने काढून तेलाचा थेंब सोडा. पुलरचा बाहेरचा भाग हातानेच, तिरका न जाता, टेकेपर्यंत आत न्या. दोन-तीनच आटे धरले असतील तर पुढे जाऊ नका. मग आतला स्क्रू फिरवत न्या. क्रँक कट असा आवाज करून सुटते.

बीबीचा डावा कप सरळ आट्यांचा असतो, उजवा उलट्या आट्यांचा. म्हणजे उजव्या बाजूला उभं राहून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की तो सुटतो. इटालियन आट्यांच्या जुन्या फ्रेमला, म्हणजे ७० मिमी रुंदीच्या शेलला, दोन्ही बाजू सरळ असतात. आधी डावा काढा, मग उजवा. टूलचे दात उथळ असतात आणि निसटतात. क्रँकचाच बोल्ट मोठ्या वॉशरसह लावून टूल जागेवर आवळून ठेवला की निसटत नाही. गंजून बसला असेल तर गंज सुटायचं तेल सोडून रात्रभर थांबा.

शेल आतून पुसून काढा. पावसाळ्यात सीटपोस्टमधून उतरलेलं पाणी इथेच साचतं. शेलच्या तळाला भोक असेल तर ते मोकळं करा. नवीन बीबीच्या आट्यांना भरपूर ग्रीस लावून दोन्ही बाजू आधी फक्त बोटांनी फिरवा. हाताने तीन-चार फेरे गेले नाहीत तर आटे तिरके पडले आहेत. पाना लावू नका, काढून पुन्हा सुरू करा. शेवटी ५० ते ७० न्यूटन-मीटर.

क्रँकचं चौकोनी भोक आणि स्पिंडल स्वच्छ कोरडे पुसा. दोन्ही क्रँक एकमेकींच्या विरुद्ध दिशेला आहेत ना ते बघून बोल्ट ३५ ते ४५ न्यूटन-मीटरला आवळा. ५० ते १०० किमी चालवल्यावर एकदाच पुन्हा तपासा. दर आठवड्याला आवळत राहिलात तर क्रँक टेपरवर चढत जाते आणि शेवटी तिचं भोक फाकतं. उलट, ढिली क्रँक तशीच चालवली तर चौकोनाचे कोपरे गोल होतात. एकदा गोल झालेली क्रँक कितीही आवळा, पुन्हा ढिली होणारच; ती टाकून द्या.

हॉलोटेक टू

इथे कामाचा क्रम काटेकोर आहे. डाव्या क्रँकचे ५ मिमीचे दोन बोल्ट आलटून पालटून ढिले करा, प्लॅस्टिकची टोपी तिच्या छोट्या टूलने काढा, दोन बोल्टांमधली लहान प्लॅस्टिकची पट्टी बारीक स्क्रू ड्रायव्हरने उचला. क्रँक हाताने निघते. मग स्पिंडलच्या टोकावर रबरी हातोडीने हलकेच ठोकून उजवी बाजू बाहेर काढा. लोखंडी हातोडी नको.

कप ३५ ते ५० न्यूटन-मीटरला बसवा; उजवा इथेही उलट्या आट्यांचा. रोडच्या क्रँकला ६८ मिमी शेलवर चकत्या लागत नाहीत. माउंटन बाइकच्या क्रँकला ६८ वर २.५ मिमीच्या तीन चकत्या, दोन उजवीकडे आणि एक डावीकडे. ७३ वर फक्त उजवीकडे एक. फ्रंट डिरेलर बीबीवर बसणारा असेल तर एक चकती कमी होते. चकत्या चुकल्या की एकतर क्रँक डुलते किंवा बेअरिंग आवळली जातात.

स्पिंडलला ग्रीस लावून, चेन आधीच स्पिंडलवर घेऊन, उजवी क्रँक पूर्ण आत ढकला. डावी बसवा. आता टोपी. तिचा टॉर्क फक्त ०.७ ते १.५ न्यूटन-मीटर, म्हणजे दोन बोटांचा जोर. तिचं काम क्रँक घट्ट धरण्याचं नाहीच; बेअरिंगमधली फट संपवण्याचं आहे. ती जोराने आवळली तर बीबी काही महिन्यांत खरखरायला लागते. पट्टीची बारीक पिन भोकात बसली की दोन्ही बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने, १२ ते १४ न्यूटन-मीटरपर्यंत न्या. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला तर क्लॅम्पला तडा जाऊ शकतो.

पायडल दोन्हींत सारखेच: डाव्याचे आटे उलटे, ३५ ते ५५ न्यूटन-मीटर, आट्यांना ग्रीस. डावा पायडल जबरदस्तीने उजव्या क्रँकमध्ये घुसवला तर क्रँक संपली.

चेनलाइन

फ्रेमच्या मध्यरेषेपासून चेनरिंगपर्यंतचं आडवं अंतर म्हणजे चेनलाइन. सीट ट्यूबचा व्यास मोजून निम्मा करा, त्यात ट्यूबच्या पृष्ठभागापासून चेनरिंगच्या दातांपर्यंतचं अंतर मिळवा. दोन रिंग असतील तर दोघींच्या मधली जागा धरा, तीन असतील तर मधली रिंग. रोडच्या दोनपदरी क्रँकला ४३.५ मिमी, डिस्क ब्रेकच्या रोड सायकलला ४५ च्या आसपास, माउंटनच्या तीनपदरीला ५०. एकच रिंग असेल तर ती कॅसेटच्या मधल्या चकतीच्या रेषेत यावी. २-३ मिमीचा फरक चालतो.

स्क्वेअर टेपरमध्ये ही रेषा स्पिंडलच्या लांबीने जुळवतात: ११०, ११३, ११८, १२२.५ अशा लांबी मिळतात. दोन्ही बाजूंनी सारख्या वाढणाऱ्या स्पिंडलमध्ये ५ मिमी लांबी म्हणजे चेनलाइनमध्ये २.५ मिमी. जुनी क्रँक काढताना बीबीवर छापलेला आकडा टिपून ठेवा. नवीन क्रँक तोच स्पिंडल मागेल असं नाही. तिच्या कागदावर कोणता लागतो ते लिहिलेलं असतं. आखूड स्पिंडल बसवला तर आतली रिंग चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची खालची नळी) घासते आणि ॲल्युमिनियमची फ्रेम कापली जाते.

तिरप्या चेनने होणारा तोटा थोडा असतो, आवाज आणि झीज मात्र बरीच. जास्त दातांच्या चकत्यांचा फायदा त्याहून जास्त आहे: जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये केलेल्या मोजणीत चेनची कार्यक्षमता ८१ ते ९८.६ टक्क्यांपर्यंत आढळली, आणि चकत्या मोठ्या तितकी ती वाढत होती. म्हणून सपाटीवर ३४-१४ पेक्षा ५०-२१ मध्ये चालवणं बरं. गिअर जवळपास तोच, चेन कमी दुमडते.

आता लंबगोल

पायडलच्या फेऱ्यात दोन जागा अशा येतात जिथे पाय जवळजवळ काहीच ढकलत नाही: क्रँक सरळ वर-खाली असताना. लंबगोल रिंगचा हेतू हा की त्या जागी गिअर हलका असावा, म्हणजे पाय तिथून पटकन निघून जातील, आणि क्रँक आडवी असताना गिअर जड असावा. शिमानोने १९८० च्या दशकात बायोपेस आणली तेव्हा रचना बरोबर याच्या उलट होती, आणि नव्वदीच्या सुरुवातीला ती मागे पडली. 'लंबगोल रिंगने गुडघे जातात' हा समज बराचसा त्या काळातून आला आहे. ब्रॅडली विगिन्सने २०१२ मध्ये ओसिमेट्रिक रिंग लावून टूर द फ्रान्स जिंकली, पुढच्या वर्षी ख्रिस फ्रूमनेही, आणि वारं पुन्हा फिरलं. रोटर कंपनीच्या क्यू-रिंग सुमारे १० टक्के लंबगोल असतात, ओसिमेट्रिक त्याहून बऱ्याच जास्त.

मोजणीत काय दिसतं? प्रयोगांचे निकाल एकसारखे नाहीत. ऑक्सिजनच्या खर्चात कायमची बचत होते असं ठामपणे म्हणता येत नाही. कमी फेऱ्यांत, जास्त जोराने, खड्या मुरमाड चढावर मागचं चाक कमी घसरतं हा फायदा माउंटन बाइकवर खरा जाणवतो. गुळगुळीत सपाटीवर ९५ फेऱ्यांनी चालवणाऱ्याने यासाठी पैसे घालू नयेत. आणि पॉवर मीटरवर विसंबून निकाल काढू नका: फेऱ्यात क्रँकचा वेग एकसमान आहे असं गृहीत धरणारे मीटर लंबगोल रिंगवर ताकद काही टक्के जास्त दाखवतात.

लावायचीच असेल तर १० टक्क्यांची घ्या, दात आहेत तेवढेच ठेवा. ३२ दातांची रिंग जोराच्या जागी ३३-३४ सारखी आणि वर-खाली ३०-३१ सारखी वागते. दिशा नीट लावणं हेच यातलं खरं काम आहे. रिंगवरची खूण क्रँकच्या मागे येते की आणखी कुठे, ते कंपनीच्या कागदावरून बघा आणि मग डोळ्यांनी ताळा करा: उजवी क्रँक पुढे आडवी करून आणखी १५ ते २० अंश खाली न्या, त्या क्षणी रिंगचा सगळ्यात उंच भाग बरोबर वर असायला हवा. चार बोल्टच्या समान अंतराच्या क्रँकवर रिंग एका बोल्टने चुकली तर ९० अंश फिरते, म्हणजे नेमकी बायोपेस होते. पाय गुळगुळीत फिरण्याऐवजी गचके बसत असतील तर आधी हीच चूक शोधा.

बोल्टना ग्रीस लावून आडवे-उभे आलटून पालटून आवळा. स्टीलचे १२ ते १४ न्यूटन-मीटर, ॲल्युमिनियमचे ८ ते १०. फ्रंट डिरेलर असेल तर रिंगचा उंच भाग वर आणून पिंजरा २ ते ३ मिमी वर ठेवा. सखल भाग आला की तिथे फट वाढते, म्हणून गिअर बदलणं थोडं मंद होणारच. एका रिंगच्या सायकलला क्लच असलेला (चेन ताणून धरणारा) मागचा डिरेलर हवा, नाहीतर खडबडीत रस्त्यावर चेन उडते. पहिले काही दिवस चढावरच चालवा. तिथेच ती अंगवळणी पडते.

नवीन रिंगवर जुनी चेन चढवू नका. स्टीलच्या पट्टीने १२ पूर्ण दुवे मोजा: नव्या चेनचे ३०४.८ मिमी भरतात. ३०७ झाले असतील तर आठ ते दहा गिअरची चेन संपली. ११-१२ गिअरची चेन ३०६.३ लाच बदला.

इंग्रजी एल आकाराच्या क्रँक इटलीत पीएमपी कंपनीने १९८० च्या दशकात विकल्या, आणि वाकड्या क्रँक अजून अधूनमधून बाजारात येतात. त्यांनी काहीही बदलत नाही. जोर पोहोचतो तो पायडलच्या आणि बीबीच्या मध्यबिंदूंमधल्या सरळ रेषेने. मधला धातू कसाही वाकवा. दोन्ही पाय स्वतंत्र फिरवायला लावणाऱ्या, क्लचच्या क्रँकचा पाया 'पायडल वर ओढावा' या समजुतीवर आहे. थॉमस कॉर्फ आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या प्रयोगात मुद्दाम वर ओढून चालवताना कार्यक्षमता उलट घटली. वर येणाऱ्या पायाने फक्त आपलं ओझं खाली जाणाऱ्यावर टाकू नये, एवढं पुरे.

करकर आणि जुनी क्रँक

आवाज बीबीतून येतोय असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा तो दुसरीकडून येत असतो. बीबी उघडण्याआधी या क्रमाने जा: पायडल काढून आटे पुसून ग्रीस लावून बसवा, चेनरिंगचे बोल्ट काढून तेच करा, क्रँकचे बोल्ट टॉर्कला तपासा, सीटपोस्ट काढून पुसा. उभं राहून चालवल्यावर आवाज थांबत असेल तर तो सीटकडून आहे. हे सगळं करूनही राहिला तर चेन काढून क्रँक हाताने फिरवा. खरखर जाणवली किंवा क्रँक आडवी धरून आत-बाहेर हलवल्यावर खडखड झाली, तर बीबी बदला.

वापरलेला क्रँकसेट घेताना पायडलच्या भोकाभोवती आणि स्पायडरच्या (चेनरिंग धरणाऱ्या फाट्यांच्या) सांध्याजवळ कापडाने पुसून बारीक चिरा शोधा. नखाला अडकते ती चीर, न अडकणारा बहुधा ओरखडा. शिमानोच्या अल्टेग्रा आणि ड्युरा-एस मालिकेतल्या, जून २०१२ ते जून २०१९ दरम्यान बनलेल्या ११ गिअरच्या काही चिकटवलेल्या क्रँकसाठी कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये तपासणी मोहीम जाहीर केली, कारण दोन भागांमधला चिकटवलेला सांधा सुटत होता. मॉडेल ६८००, आर८०००, ९०००, आर९१०० किंवा आर९१००पी असेल तर क्रँकच्या आतल्या बाजूचा दोन अक्षरी उत्पादन संकेत कंपनीच्या यादीशी ताडून बघा. आर्मच्या कडेने सांध्याची रेघ उघडलेली दिसत असेल, तर किंमत कितीही कमी असो, ती क्रँक घेऊ नका.